मिसिसिपीत बोलायला बसलेली माणसे

मिसिसिपी विद्यापीठ १८४८ साली ऑक्सफर्ड नावाच्या लहानशा गावात सुरू झाले. अमेरिकेच्या दक्षिणेतील कापूस मळ्यांच्या मालकांची मुले इथे शिकत, आणि विद्यापीठाच्या पहिल्या इमारती गुलामांच्या कष्टातून उभ्या राहिल्या होत्या. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तरी कृष्णवर्णीयांना विद्यापीठाचे दार पुढची जवळजवळ शंभर वर्षे बंदच राहिले. हवाई दलात नोकरी करून परतलेले जेम्स मेरेडिथ १९६२ मध्ये न्यायालयाचा आदेश घेऊन प्रवेशासाठी आले, तेव्हा राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट स्वतः आडवे आले. ३० सप्टेंबरच्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल पेटली. दोन माणसे मारली गेली, शंभराहून अधिक संघीय मार्शल जखमी झाले आणि अध्यक्ष केनेडी यांना लष्कर धाडावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेडिथ यांनी नाव नोंदवले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये पदवी घेईपर्यंत ते सरकारी पहाऱ्यातच वर्गात जात राहिले.

याच विद्यापीठात १९९९ साली काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवून बोलते करणारी एक संस्था निघाली. पुढे तिला विल्यम विंटर यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या आवारात मुरलेला वर्णद्वेष आणि आसपासच्या गावांतला वर्णद्वेष या दोन्हींना या संस्थेने एकाच पद्धतीने हात घातला. त्या पद्धतीला काही ठिकाणी थक्क करणारे यश आले, काही ठिकाणी तिचे हात तोकडे पडले. संवादाने वर्णद्वेष कमी होतो का, याचे कोरे सैद्धांतिक उत्तर शोधण्यापेक्षा मिसिसिपीत काय घडले ते नीट पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

या कथेत महाराष्ट्राशी जोडलेला एक धागा आहे. महात्मा गांधींचे नातू अरुण गांधी डर्बनमध्ये जन्मले. त्यांच्या पत्नी सुनंदा मुंबईत परिचारिका होत्या. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने सुनंदा यांना देशात येऊ दिले नाही, म्हणून अरुण गांधी भारतातच राहिले आणि त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त अनेक वर्षे पत्रकारिता केली. १९८७ मध्ये हे दांपत्य मिसिसिपी विद्यापीठात आले ते भारतातील जातिभेद, अमेरिकेतील वर्णद्वेष आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद यांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी. पुढे १९९१ मध्ये त्यांनी शेजारच्या टेनेसी राज्यात, मेम्फिस शहरात अहिंसेच्या शिक्षणासाठी संस्था काढली. अरुण गांधी यांचे २ मे २०२३ रोजी कोल्हापुरात निधन झाले. विंटर संस्थेच्या स्थापनेशी त्यांचा संबंध नव्हता. पण तीन देशांतल्या भेदभावाचा एकत्र विचार करण्यासाठी त्यांनी हेच विद्यापीठ निवडले, यावरून वर्णद्वेषाच्या अभ्यासात मिसिसिपीचे स्थान काय होते ते कळते.

विल्यम विंटर हे १९८० ते १९८४ या काळात मिसिसिपीचे गव्हर्नर होते. १९८२ मध्ये त्यांनी मोठी शिक्षण सुधारणा घडवून आणली. राज्यात सरकारी खर्चाने बालवर्ग सुरू झाले ते त्यांच्यामुळे. जून १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी वर्णप्रश्नावर देशभर चर्चा घडवण्यासाठी एक सल्लागार मंडळ नेमले. इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन त्याचे अध्यक्ष होते आणि विंटर एक सदस्य. या उपक्रमातली एक जाहीर सभा मार्च १९९८ मध्ये मिसिसिपी विद्यापीठात झाली. दक्षिणेच्या अगदी गाभ्यातल्या राज्यांमध्ये झालेली अशी ही एकमेव सभा. सभेच्या तयारीसाठी विद्यापीठातले आणि गावातले लोक आधी लहान लहान गटांत बसले. सभा एका दिवसात संपली. पण या गटांत जे बोलणे निघाले ते थांबू नये असे अनेकांना वाटले. त्यातून संस्था उभी राहिली. सुझन ग्लिसन यांनी पुढे दीर्घकाळ तिचे नेतृत्व केले.

संवाद म्हणजे काय आणि काय नव्हे, याचा धडा विंटर यांना लवकरच मिळाला. मिसिसिपीच्या राज्यध्वजाच्या कोपऱ्यात १८९४ पासून ‘कॉन्फेडरेट’ सैन्याचे निशाण होते. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशापासून फुटून निघालेल्या राज्यांचे हे सैन्य. तो ध्वज बदलावा की ठेवावा हे ठरवण्यासाठी २००० साली एक आयोग नेमण्यात आला आणि अध्यक्षपद विंटर यांच्याकडे आले. आयोगाने राज्यात ठिकठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या. सभागृहे खच्चून भरली. लोक रांगेने माइकपाशी येत, दोन-तीन मिनिटे तावातावाने बोलत, आपल्या बाजूच्या टाळ्या घेत आणि जागेवर जाऊन बसत. शिवीगाळ झाली, आरडाओरडा झाला. कोणी कोणाचे ऐकून घेतले नाही. एप्रिल २००१ मध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ६४ टक्के मतदारांनी जुनाच ध्वज कायम ठेवला.

या सुनावण्यांमध्ये बोलणे भरपूर होते, पण ते समोरच्यासाठी नव्हते, आपापल्या गर्दीसाठी होते. अनोळखी माणसांना एका दिवसासाठी जमवायचे, त्यांच्यापुढे सगळ्यात दुखरा प्रश्न टाकायचा आणि त्याच दिवशी उत्तर मागायचे, या रचनेतून दुसरे काही निघणे कठीणच. विद्यापीठांतही वर्णद्वेषाची एखादी घटना घडली की घाईघाईने एक सभा बोलावली जाते, कुलगुरू निवेदन वाचतात, विद्यार्थी संतापाने बोलतात आणि आठवडाभरात सारे थंड होते. विंटर संस्थेने जी पद्धत बसवली ती याच्या नेमकी उलट होती.

त्या पद्धतीची पहिली मोठी कसोटी फिलाडेल्फिया या गावात लागली. पेनसिल्व्हेनियातले प्रसिद्ध शहर हे नव्हे. हे मिसिसिपीच्या नेशोबा काउंटीतले सात-आठ हजार वस्तीचे गाव आहे. जून १९६४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी काम करणारे तीन तरुण इथे आले होते. जेम्स चेनी हा २१ वर्षांचा मिसिसिपीचाच कृष्णवर्णीय तरुण, तर २० वर्षांचा अँड्र्यू गुडमन आणि २४ वर्षांचा मायकेल श्वेर्नर हे न्यूयॉर्कचे ज्यू. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या ‘कू क्लक्स क्लॅन’ संघटनेच्या लोकांनी लाँगडेल वस्तीतले एक कृष्णवर्णीयांचे चर्च जाळले होते, ते पाहायला ते गेले. परतताना डेप्युटी शेरीफने गाडी जोरात चालवल्याचा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात डांबले, रात्री सोडले, आणि पाठलाग करून क्लॅनच्या टोळीच्या हवाली केले. २१ जूनच्या त्या रात्री तिघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. मृतदेह ४४ दिवसांनी एका मातीच्या बंधाऱ्यात पुरलेले सापडले.

राज्य सरकारने तेव्हा खुनाचा खटला भरलाच नाही. संघीय सरकारने कटाच्या आरोपाखाली १८ जणांवर खटला चालवला आणि १९६७ मध्ये त्यातले सात दोषी ठरले. कोणीही सहा वर्षांहून जास्त तुरुंगात राहिले नाही. टोळी जमवणारा एडगर रे किलन हा धर्मोपदेशक होता. ज्यूरीतल्या अकरा जणांनी त्याला दोषी मानले, पण एका सदस्याचे मन धर्मोपदेशकाला दोषी ठरवायला तयार होईना, म्हणून तो सुटला. त्यानंतर तो त्याच काउंटीत राहत होता. ज्यांनी हे केले ते आणि ज्यांचे चर्च जाळले गेले ते, दोघांचीही कुटुंबे एकाच बाजारात भाजी घेत होती. चर्चमध्ये कृष्णवर्णीय लोक दरवर्षी स्मृतिदिन पाळत. गोऱ्या वस्तीत मात्र हा विषय काढायचा नाही, असा अलिखित नियम होता.

२००४ मध्ये हत्याकांडाला ४० वर्षे पूर्ण होणार होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या स्थानिक शाखेचे प्रमुख लिरॉय क्लेमन्स आणि ‘नेशोबा डेमोक्रॅट’ या साप्ताहिकाचे गोरे संपादक जिम प्रिन्स यांनी मिळून एक गट जमवला. त्यात सुमारे तीस माणसे होती. काळे होते, गोरे होते, आणि या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या चॉक्टॉ जमातीचे लोकही होते. नेशोबातल्या कोणत्याही प्रश्नात हे तीन समाज असतातच, पण बहुतेक वेळा चर्चा काळ्या-गोऱ्यांपुरतीच होते. विंटर संस्थेला बैठका चालवायला बोलावण्यात आले.

स्मृतिदिनाचा कार्यक्रम कसा करायचा, एवढाच गटापुढचा पहिला विषय होता. पण एकत्र बसू लागल्यावर कार्यक्रमाची आखणी मागे पडली आणि माणसे आपापल्या आठवणी सांगू लागली. १९६४ मध्ये कोण किती वर्षांचे होते, त्या उन्हाळ्यात घरात काय बोलले जात होते, कोणाला काय सांगू नकोस म्हणून बजावले गेले होते. गोऱ्या सदस्यांपैकी काहींनी पहिल्यांदाच समजून घेतले की शेजारच्या कृष्णवर्णीय घरांमध्ये ती भीती चाळीस वर्षांनंतरही गेलेली नाही. कृष्णवर्णीय सदस्यांना कळले की काही गोरी माणसे आयुष्यभर ही शरम मनात दाबून जगली आहेत. मग प्रश्न आला की नुसती फुले वाहायची, की न्याय मागायचा? काहींना भीती होती की गावाची पुन्हा बदनामी होईल, धंद्यावर परिणाम होईल. यावर गटात बरेच दिवस बोलणे झाले. अखेर मे २००४ मध्ये गटाने एकमुखाने जाहीर निवेदन काढले आणि या खुनांचा खटला चालवा, अशी मागणी सरकारी वकिलांकडे केली.

या निवेदनाचे मोल समजून घ्यायला हवे. तोपर्यंत अशी मागणी करणाऱ्यांना बाहेरचे, ‘आमच्या गावात नाक खुपसणारे’ म्हणून झटकून टाकता येत होते. आता मागणी गावातूनच आली होती, आणि तीत गावचे गोरे व्यापारी, संपादक, शिक्षक सामील होते. राज्याचे महाधिवक्ता जिम हूड यांनी तपास पुढे नेला. जानेवारी २००५ मध्ये किलनवर आरोपपत्र ठेवले गेले. २१ जून २००५ रोजी, हत्याकांडाला बरोबर ४१ वर्षे झाली त्या दिवशी, नऊ गोरे आणि तीन कृष्णवर्णीय सदस्य असलेल्या स्थानिक ज्यूरीने त्याला तीन सदोष मनुष्यवधांबद्दल दोषी ठरवले. साठ वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये तो तुरुंगातच मेला.

हे सारे संवादामुळेच झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. जॅक्सनच्या ‘क्लॅरियन-लेजर’ वृत्तपत्राचे वार्ताहर जेरी मिचेल वर्षानुवर्षे जुनी प्रकरणे उकरून पुरावे पुढे आणत होते. मृतांच्या कुटुंबांनी पिच्छा सोडला नव्हता. पण साक्षी देणारी आणि ज्यूरीत बसणारी माणसे शेवटी गावातलीच असतात. त्यांनी खरे बोलावे असे वातावरण गावात असावे लागते, आणि ते वातावरण त्या बैठकांनी तयार केले. गट खटल्यानंतर विसर्जित झाला नाही. शाळांतून नागरी हक्क चळवळीचा इतिहास शिकवला जावा यासाठी त्याने संस्थेबरोबर काम केले आणि २००६ मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने तसा कायदा केला. २००९ मध्ये, गोऱ्यांचे बहुमत असलेल्या फिलाडेल्फियाने जेम्स यंग यांना पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून दिले. मताधिक्य होते अवघे ४६.

फिलाडेल्फियातल्या अनुभवातून संस्थेने एक ठरावीक क्रम बसवला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या एका जुन्या गाण्यावरून त्याला ‘वेलकम टेबल’ असे नाव दिले गेले. गाव किंवा विद्यापीठ स्वतःहून बोलावेल तरच संस्था जाते, हा पहिला नियम. पंधरा-वीस माणसांचा गट जमवताना वय, वर्ण, व्यवसाय, राजकीय मत यांची सरमिसळ मुद्दाम केली जाते. गट आधी एक-दोन दिवस गावापासून दूर एकत्र राहतो, आणि मग महिन्यातून एकदा बसतो. हे सुमारे दीड वर्ष चालते.

पहिल्या कित्येक बैठकांत वादाचा मुद्दा काढायचाच नसतो, हे बाहेरच्याला विचित्र वाटते. सदस्य खुर्च्या गोलाकार मांडून बसतात. प्रत्येकाला एक प्रश्न दिला जातो: तुम्ही कुठून आलात? उत्तर गावाच्या नावाने द्यायचे नाही. स्वयंपाकघरातला वास, आजीचे बोलणे, अंगणातले झाड, घरात कधीच न बोलली जाणारी गोष्ट, अशा तपशिलांतून द्यायचे. नंतरच्या एखाद्या बैठकीत दुसरा प्रश्न येतो. माणसामाणसांत रंगावरून फरक केला जातो हे तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा कधी कळले? कृष्णवर्णीय सदस्यांचे उत्तर बहुधा चार-पाच वर्षांच्या वयातले असते आणि त्यात दुकान, बस किंवा शाळा असते. गोऱ्या सदस्यांना अनेकदा आठवावे लागते, आणि आठवावे लागते हीच गोष्ट त्यांना बरेच काही सांगून जाते. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी फक्त ऐकायचे. मधे तोडायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘तसे नसेल, तुमचा गैरसमज झाला असेल’ असे म्हणायचे नाही. समोरच्याच्या बोलण्याचा राग आला तर ‘याला असे का वाटत असेल’ हा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा. इथे ऐकलेले दुसऱ्याचे अनुभव बाहेर सांगायचे नाहीत.

विश्वास बसल्यावर गट गावाच्या इतिहासाकडे वळतो, आणि शेवटच्या टप्प्यात एखादे ठोस काम हाती घेतो. शाळा, घरे, स्मारक, पोलिसांचे वागणे, जे त्या गावात जळते आहे ते. न्यू ऑर्लिन्स शहरात महापौर मिच लँड्रू यांच्या काळात, २०१४ पासून, निरनिराळ्या वस्त्यांमध्ये हाच प्रयोग झाला. त्याच लँड्रू यांनी २०१७ मध्ये शहरातले तीन कॉन्फेडरेट पुतळे हलवले.

या क्रमामागे सामाजिक मानसशास्त्राचा जुना अभ्यास आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की दोन समाज नुसते जवळ आल्याने पूर्वग्रह घटत नाहीत. एकत्र येणाऱ्यांचा दर्जा त्या जागी समान असावा, उद्दिष्ट सामाईक असावे, ते स्पर्धेने नव्हे तर सहकार्याने गाठायचे असावे आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा. मिसिसिपीत काळे-गोरे कधीच दूर नव्हते. एकाच घरात मालकीण आणि स्वयंपाकीण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वावरले. कमी होता तो समान दर्जा. टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतात असे दिसले.

विद्यापीठांमध्ये याचे दोन प्रयोग विशेष गाजले. मिशिगन विद्यापीठाने १९८८ मध्ये वर्णावरून झालेल्या कटू प्रसंगांनंतर संवादाचा रीतसर अभ्यासक्रमच सुरू केला. दोन्ही समाजांचे साधारण सारख्या संख्येने विद्यार्थी घ्यायचे, दोन्ही बाजूंचा एकेक प्रशिक्षित संचालक द्यायचा आणि सत्रभर दर आठवड्याला भेटायचे, अशी त्याची रचना आहे. पुढे नऊ विद्यापीठांनी मिळून याची चाचणी घेतली. अर्जदारांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे संवादात आणि काहींना बाहेर ठेवून तुलना करण्यात आली. संवादात बसलेल्यांमध्ये विषमतेची समज आणि दुसऱ्याविषयीची आस्था वाढलेली दिसली आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. दुसरा प्रयोग प्रिन्स्टनचा. हॅरोल्ड सॉन्डर्स हे कॅम्प डेव्हिड कराराच्या वाटाघाटीत भाग घेतलेले अमेरिकी मुत्सद्दी. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आणि अमेरिकन नागरिकांमध्ये चालणाऱ्या बैठका आणि पुढे ताजिकिस्तानातील यादवीच्या काळातल्या बैठका यांतून त्यांनी दीर्घ संवादाची पद्धत घडवली होती. १९९९ मध्ये प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ती आपल्या आवारातल्या वर्णप्रश्नासाठी वापरली. खानावळीत काळे आणि गोरे विद्यार्थी वेगवेगळ्या टेबलांवर बसतात, एवढ्या साध्या निरीक्षणापासूनही अशा बैठकांत पुष्कळ पुढे जाता येते.

मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारातले काम गावातल्यापेक्षा अवघड निघाले. गावातली माणसे तीच राहतात. विद्यार्थी दर चार वर्षांनी बदलतात, आणि नवी तुकडी घरून आपापली शिदोरी घेऊन येते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बराक ओबामा दुसऱ्यांदा निवडून आले त्या रात्री शेकडो विद्यार्थी आवारात जमले आणि वर्णद्वेषी घोषणा झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातशेच्या आसपास विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन त्याच आवारातून शांतपणे चालले. ही माणसे एका दिवसात कशी जमली, याचे एक उत्तर आधीची काही वर्षे संस्थेच्या मदतीने चाललेल्या विद्यार्थ्यांच्या संवादगटांमध्ये आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये मेरेडिथ यांच्या आवारातल्या पुतळ्याच्या गळ्यात रात्री फास अडकवण्यात आला. या प्रकरणी संघीय न्यायालयात गुन्हा कबूल झाला आणि तुरुंगवासाची शिक्षा झाली. तिथे बैठक घेऊन भागणार नव्हते, आणि विद्यापीठाने ते प्रकरण पोलिसांकडे दिले हे योग्यच केले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये विद्यार्थी प्रतिनिधींनी मतदान करून राज्यध्वज आवारातून उतरवण्याची मागणी केली. प्राध्यापक आणि कर्मचारी यांच्या मंडळांनी पाठिंबा दिला आणि आठवडाभरात ध्वज उतरला. मार्च २०१९ मध्ये विद्यार्थी प्रतिनिधींनी ४७ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की आवाराच्या मध्यभागी १९०६ पासून उभा असलेला कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा हलवावा. १९६२ च्या दंगलीत जमाव याच पुतळ्याभोवती जमला होता. जुलै २०२० मध्ये तो आवारातल्या जुन्या युद्ध-दफनभूमीत नेण्यात आला. त्याच्या आदल्या महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने जुना ध्वज रद्द केला होता. २००१ मध्ये हरलेले विंटर तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले.

विद्यापीठ आणि परिसर यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे ते टॅलाहॅची काउंटीत दिसते. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून सुटीसाठी आलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिल या मुलाचा, एका गोऱ्या स्त्रीची छेड काढल्याच्या आरोपावरून, अमानुष खून झाला. सम्नर गावच्या न्यायालयात सर्व गोऱ्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. काही महिन्यांनी त्यांनीच एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. पन्नास वर्षांनंतर काउंटीच्या मंडळाचे कृष्णवर्णीय अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने काळ्या-गोऱ्यांची एक स्मृतिसमिती नेमली गेली. सुरुवातीच्या बैठकांत अविश्वास इतका होता की विंटर संस्थेला मधे घ्यावे लागले. निवेदनाच्या मसुद्यावर बरीच ओढाताण झाली. जे आपण केले नाही त्याची माफी आपण का मागावी, असे काही गोऱ्या सदस्यांना वाटत होते. अखेर २ ऑक्टोबर २००७ रोजी त्याच न्यायालयासमोर, टिल यांच्या नातेवाइकांपुढे, न्याय झाला नाही याची कबुली देणारे आणि दुःख व्यक्त करणारे निवेदन वाचले गेले.

मृतदेह जिथे सापडला त्या नदीकाठी २००८ मध्ये फलक लागला. तो त्याच वर्षी चोरीला गेला. दुसरा लावला, त्याची गोळ्यांनी चाळण झाली. २०१८ मध्ये तिसरा लावला. पाच आठवड्यांत त्यालाही गोळ्या लागल्या. २०१९ मध्ये एक छायाचित्र उजेडात आले. बंदुकांसह आलेले तीन तरुण त्या भोके पडलेल्या फलकाजवळ हसत होते, आणि ते तिघे मिसिसिपी विद्यापीठाचे विद्यार्थी होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथा फलक बसवला गेला. तो जाड पोलादाचा, गोळी न भेदणारा, सव्वादोनशे किलो वजनाचा आहे. जुलै २०२३ मध्ये ही जागा आणि सम्नरचे न्यायालय राष्ट्रीय स्मारकाचा भाग झाले.

संवादाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. अशा गटांत येतात ते बहुधा आधीच मन मोकळे असलेले. फलकावर गोळ्या झाडणारा दीड वर्ष बैठकीला येत नाही. बोलण्याचे ओझेही सारखे नसते. कृष्णवर्णीय सदस्याला आपली जखम पुन्हा पुन्हा उघडी करून दाखवावी लागते, आणि गोऱ्या सदस्याला त्यातून शिकायला मिळते. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. तामार सागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की गोडीगुलाबीच्या संपर्कामुळे दुबळ्या गटाला बलवान गट न्यायाने वागेल अशी आशा वाटू लागते आणि अन्यायाकडे त्याचे लक्ष कमी होते, पण बलवान गट प्रत्यक्षात तसे वागतोच असे नाही. म्हणजे नुसत्या आपुलकीच्या गप्पांनी न्यायाची मागणी बोथट होऊ शकते. फिलाडेल्फियाचा गट या सापळ्यात अडकला नाही, कारण तिथे आपुलकी वाढली तसे बोलणे खटल्याच्या मागणीकडे गेले. जे विद्यापीठ संवादगट नेमते पण वसतिगृह, शिष्यवृत्ती, प्राध्यापकांच्या नेमणुका, शिस्तभंगाच्या चौकश्या यांत काहीच बदलत नाही, तिथे विद्यार्थ्यांचा त्या बैठकांवरचा विश्वास उडतो, आणि तो उडणे रास्त आहे.

विंटर संस्था पुढे विद्यापीठातून बाहेर पडून राजधानी जॅक्सनला गेली आणि आता ‘ॲल्युव्हियल कलेक्टिव्ह’ या नावाने स्वतंत्रपणे काम करते. विद्यापीठात मे २०२४ मध्ये गाझाविषयीच्या निदर्शनांच्या वेळी एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीकडे पाहून माकडासारखे आवाज काढले गेले आणि त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. एप्रिल २०२५ मध्ये मिसिसिपी राज्याने सरकारी शाळा-महाविद्यालयांतील विविधता आणि समावेशनाचे विभाग व प्रशिक्षण बंद करणारा, आणि वर्ण व लिंगभाव यांविषयीच्या काही संकल्पना शिकवण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांनी त्याला आव्हान दिले आणि ऑगस्टमध्ये संघीय न्यायाधीशांनी त्यातील काही कलमांची अंमलबजावणी रोखली. हा कायदा सरकारी शिक्षणसंस्थांपुरता आहे. जॅक्सनची संस्था आणि गावोगावचे नागरिकांचे गट त्याच्या कक्षेत येत नाहीत.